फुलांचे फोटो काढायला कासलाच जायला हवं का?

खिडकीतली_गुलबक्षी: यंदा सप्टेंबरात साताऱ्याजवळच्या कास पठारावर गेलो नाही. मागच्या खेपेस एक गृहस्थ मोठी लेन्स घेऊन सीतेची आसवं म्हणतात त्या फुलांत चक्क पालथे पडले होते. फोटो देखणा आला असणार, पण पोटाखाली किती फुलं चिरडली ते त्यात थोडंच दिसतं? तेव्हापासून वर्षभर मोबाइलवर खिडकीतल्या गुलबक्षीचेच फोटो काढतोय. चारच्या पुढे कळी सुटू लागते, सकाळी फूल मान टाकतं. मध्ये कधी एखादा पतंग येतो. कधी मागे बायकोची ओली साडी वाळत असते, तोच पडदा होतो. माझं म्हणणं, छंदासाठी घरचं फूल पुरे. पटतंय?

सातारी_कंदी: अजिबात नाही. एकाच्या आडमुठेपणापायी अख्ख्या पठारालाच रामराम? पश्चिम घाटातली ३९ ठिकाणं २०१२ साली जागतिक वारसा यादीत गेली, त्यात कास आहे, ते काय उगाच? जांभ्याच्या कातळावर मातीचा नुसता पापुद्रा, आणि त्यावर हा सगळा सोहळा. टोपली कारवी सात वर्षांनी एकदा फुलते, ती तुमच्या खिडकीत कधी यायची? शिवाय ती सीतेची आसवं कीटकभक्षी आहेत. ओल्या मातीत बारीक पिशव्या, त्यात सूक्ष्म जीव अडकतात. घरी बसून कळलं असतं?

खिडकीतली_गुलबक्षी: त्या पिशव्या तुमच्या फोटोत आल्या का? मातीत असतात म्हणता. म्हणजे तुम्हालाही पुस्तकातूनच कळलं!

सातारी_कंदी: पुस्तक उघडलं कशामुळे? फोटो काढला म्हणून! तेरड्याचा रंग तीन दिवस हे आपण म्हणीत ऐकतो. पठारभर गुलाबी तेरडा पाहिला की म्हणीचं काही वाटेनासं होतं. पायवाट सोडायची नाही, एवढं पाळलं की झालं.

शुभसकाळ_नको: दोघांचेही फोटो शेवटी गटावर 'सुप्रभात' लिहून येणार. माझा फोन त्यानेच भरलाय.

ओवी_७२: फुलांचं ठीक आहे हो, त्यांना विचारावं लागत नाही. माझी आई सकाळी अंगणातला प्राजक्त वेचून ओवते. एकदा हळूच फोन काढला, तर पदर सारखा करून ताठ बसली. म्हणाली, "तुझं झालं की सांग, मग ओवते." तो फोटो आहे माझ्याकडे. सुई धरलेला हात अधांतरी. त्यानंतर मी तिथे फोन नेत नाही.

सातारी_कंदी: हे मात्र खरं. पण मला विचाराल तर तोच फोटो जपण्यासारखा.

ओवी_७२: तुम्हाला वाटेल. मला तिचं ओवणं हवं होतं.

शुभसकाळ_नको: जाता जाता कामाचं काही विचारतो, चिडू नका. मोबाइलने जवळून फूल टिपताना फोनचीच सावली का पडते?

खिडकीतली_गुलबक्षी: बरेच फोन अगदी जवळ नेले की आपोआप रुंद लेन्सवर जातात, मग फुलाला जवळजवळ टेकावं लागतं. एक पाऊल मागे या, दुप्पट झूम करा. ऊन कडक असेल तर दुसऱ्या हाताने छत्री धरा. ओवीताई, तुमचं वाचून हा धागा बायकोला दाखवला. म्हणाली, "वर्षभर साडी माझी आणि नाव गुलबक्षीचं!"