रॅमआधी धूळ आणि अपडेट बघा

इंटिरिअरची कामं, दिवसभर साइटवर, बजेट ३० हजार, तर कोणता फोन घ्यावा असं तुम्ही विचारलंय आणि वरच्या उत्तरांत सगळे रॅम नि मेगापिक्सेलवरच भांडताहेत. यूपीआय, बँक, जीएसटीचे ओटीपी सगळं त्याच फोनवर येणार, तेव्हा सिक्युरिटी अपडेट किती वर्षं मिळणार ते आधी विचारा. गूगलच्या पिक्सेल ८ मालिकेतल्या फोनना कंपनीने ७ वर्षं कबूल केली आहेत. स्वस्तातल्या कित्येक फोनना त्याच्या निम्मीही नसतात.

दुसरी गोष्ट धूळ. बॉक्सवर आयपी६८ (धूळ-पाण्यापासून संरक्षण किती, ते सांगणारा आकडा) असेल तर त्यातला ६ धुळीचा, ८ पाण्याचा. आयपीएक्स८ दिसलं तर धुळीबद्दल कंपनी काहीच सांगत नाहीये. तुमच्याकडे पाण्यापेक्षा प्लायवूडचा भुसाच जास्त उडणार! (म्हणून धुळीची खात्री नसलेल्या सेकंडहँड फोल्डचा, म्हणजे घडी होणाऱ्या फोनचा, मोह नको.)

सिमचा स्लॉट हायब्रिड असेल तर दुसरं सिम घातल्यावर मेमरी कार्डाला जागा उरत नाही. साइटचे व्हिडिओ काढत असाल तर सरळ २५६ जीबी घ्या. दोन फोन मात्र कशाला? व्हॉट्सॲप बिझनेस हे वेगळं ॲप आहे, घरचा आणि धंद्याचा नंबर एकाच हँडसेटवर आरामात चालतो.