मदत हवी आहे: ऋतूंचं मॉडेल फिरतंय, पण ऋतू बदलत नाहीत

खानापूरचा_मामा
भाच्याचं मॉडेल अडकलंय. शनिवारी तालुक्याला विज्ञान प्रदर्शन आहे. मोटर चालते, मधला बल्ब पेटतो, थर्माकोलचा गोळा बल्बभोवती गोल फिरतो. आस 23.5 अंश कलती आहे, कोनमापक लावून तपासली. बेळगावच्या जागी टाचणी टोचली आहे, तिच्या सावलीवरून ऋतू दाखवायचे आहेत. पण सावली चारही ठिकाणी तेवढीच पडायलीय. जून काय, डिसेंबर काय, फरकच नाही. काय बदलायचं ते लवकर सांगा. ऋतू का होतात ही माहिती नको, ती वहीत लिहून झाली आहे.

निपाणीकर
गोल रस्ता ठेवलाय तिथेच घोळ आहे. रस्ता अंड्यासारखा लांबट करा. गोळा बल्बच्या जवळ आला की उन्हाळा, लांब गेला की हिवाळा. आमच्या वेळी शाळेत असंच करून दाखवलं होतं.

दुर्बीण
निपाणीकर, हे मुलाच्या डोक्यात घालू नका. पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते 3-4 जानेवारीच्या आसपास, अंतर सुमारे 14 कोटी 71 लाख किलोमीटर. सगळ्यात लांब असते जुलैच्या पहिल्या आठवड्यात, सुमारे 15 कोटी 21 लाख. म्हणजे बेळगावात स्वेटर कपाटातून निघतात तेव्हा सूर्य जवळ असतो. अंतरामुळे ऋतू होत असते तर ऑस्ट्रेलियात आणि आपल्याकडे एकाच वेळी उन्हाळा आला असता. तिकडे नाताळ भर उन्हाळ्यात असतो.

निपाणीकर
मग पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळ असते हे पुस्तकात खोटं छापलंय काय?

दुर्बीण
खोटं नाही, पण चित्रात ती फार ताणलेली असते. एक मीटर व्यासाची कक्षा कागदावर काढा. तिची लांबी आणि रुंदी यात एक मिलिमीटरचाही फरक पडत नाही. सूर्य तेवढा मध्यापासून 8 मिलिमीटर बाजूला सरकतो. मॉडेलला गोल रस्ताच बरोबर आहे, तो मोडू नका.

गुरुजी_शहापूर
मामा, गोळा कशावर बसवलाय ते तुम्ही सांगितलेलंच नाही. कलती तार दांड्याला पक्की आहे की सुटी? मोटर दांडा फिरवते की गोळा?

खानापूरचा_मामा
मोटरला लाकडी दांडा, दांड्याच्या टोकाला तार फेविक्विकने पक्की, तारेवर गोळा. तार बल्बकडे कललेली आहे. दुसरं कसं बसवणार?

गुरुजी_शहापूर
अडचण इथेच आहे. दांडा फिरला की तारही वळते आणि गोळ्याचं वरचं टोक वर्षभर बल्बकडेच झुकलेलं राहतं. तुमच्या मॉडेलमध्ये उत्तरेला बारा महिने उन्हाळा आहे. खरी पृथ्वी सूर्याभोवती कुठेही असली तरी तिची आस आकाशात एकाच दिशेला, ध्रुवताऱ्याकडे असते. त्यामुळे जूनमध्ये उत्तर टोक सूर्याकडे झुकलेलं आणि डिसेंबरमध्ये तेच टोक सूर्यापासून पलीकडे. मार्च आणि सप्टेंबरमध्ये कल आडवा पडतो, म्हणून दिवस-रात्र जवळजवळ सारखी.

मोटर काढा आणि गोळा हातात धरून फिरवा. तारेचं वरचं टोक कायम वर्गाच्या एकाच भिंतीकडे ठेवायचं. एवढं पुरे आहे.

उद्यमबाग_टर्नर
मोटर कशाला काढायची ओ गुरुजी? पोरानं मेहनत केलीय. मामा, तार दांड्यावरनं सोडवा. दोन सारख्या व्यासाच्या पुल्या घ्या, दोऱ्याची रिकामी रिळं पण चालतील. एक पुली मध्ये बल्बच्या खांबाला घट्ट बसवा, ती अजिबात फिरता कामा नये. दुसरी दांड्याच्या टोकाला, मोकळी फिरणारी, तिच्यावर कलती तार. दोन्हीवर रबरी पट्टा सरळ चढवा, आठचा आकडा करू नका. दांडा गोल फिरतो आणि टोकाची पुली दांड्याच्या हिशेबानं तेवढीच उलटी वळते, म्हणून तार एकाच दिशेला राहते. व्यास मात्र तंतोतंत सारखे पाहिजेत, नाहीतर दर फेरीला आस थोडी थोडी सरकत जाते.

गुरुजी_शहापूर
पट्टा घसरला की मॉडेल चुकीचं दाखवणार आणि परीक्षक नेमके तेव्हाच समोर असणार. हातानं फिरवताना मुलाला स्वतः दिशा सांभाळावी लागते, ती गोष्ट त्याला कळते. मी अजून हाताचाच आग्रह धरतो.

उद्यमबाग_टर्नर
घसरला तर राळ लावायची. कारखान्यात पट्ट्यांना लावतातच की.

कडोलीचा_शेतकरी
माझी शंका वेगळी आहे. 21 जूनला सूर्य आपल्याकडे सगळ्यात जास्त झुकलेला म्हणता, दिवसही सगळ्यात मोठा, मग आमच्याकडे मे महिन्यात का भाजतं? मृग लागला की हवा गार. मॉडेलात उन्हाळ्याचं लेबल जूनवर लावलं तर इथला माणूस पटवून घेणार नाही.

दुर्बीण
दादा, शंका अगदी बरोबर आहे. बेळगाव साधारण 15.85 अंश उत्तरेला आहे, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला. सूर्य उत्तरेकडे जाताना 4 मेच्या सुमारास आपल्या थेट डोक्यावर येतो, तसाच पुढे जातो आणि 9 ऑगस्टच्या सुमारास परतताना पुन्हा डोक्यावर येतो. मेमध्ये साडेबाराच्या आसपास उभ्या काठीची सावली नाहीशी होते. बाराला नाही, कारण आपलं घड्याळ 82.5 रेखांशाच्या हिशेबानं चालतं आणि आपण त्याच्या बरेच पश्चिमेला आहोत. ऑगस्टातली संधी बहुतेक ढगात जाते.

21 जूनला सूर्य दुपारी किंचित उत्तरेला असतो, तरी उन्हाचा जोर कमी नसतो. पण तोवर पाऊस आलेला असतो, ढग ऊन अडवतात, ओली जमीन तापत नाही. चार ऋतूंची लेबलं युरोपातल्या पुस्तकांतून आली आहेत. आपल्या मॉडेलवर उन्हाळा, पावसाळा, हिवाळा लावा आणि पावसाळ्याशेजारी ढग चिकटवा. आस कललेली नसती तर जमीन अशी ऋतूनुसार तापली नसती, समुद्रावरचं वारं असं आत आलं नसतं. पाऊसही शेवटी त्या कलण्यापर्यंतच जातो.

कृष्णाकाठ_अथणी
पाऊस सगळ्यांना सारखा नाही. खानापूर तालुक्यात कणकुंबीला, जिथे मलप्रभा उगम पावते, तिथे धो धो. आमच्या अथणीकडे ढग येतात तेव्हा त्यांनी घाटावरच पाणी टाकून झालेलं असतं. जिल्हा एक, सूर्य एक, आणि आम्ही कालव्याकडे डोळे लावून. मॉडेलात सह्याद्री पण दाखवा.

गुरुजी_शहापूर
एवढ्याशा गोळ्यावर सह्याद्री दिसणार कसा? मामांचं काम आधी होऊ दे.

हिंडलग्याची_आक्का
परीक्षक संक्रांतीचं विचारतात हं, पाठ करून ठेवा. उत्तरायण 14 जानेवारीला लागतं.

दुर्बीण
आक्का, आकाशात सूर्य उत्तरेकडे वळतो तो 21-22 डिसेंबरला. सुमारे 1700 वर्षांपूर्वी मकर संक्रमण आणि हे वळणं जवळजवळ एकाच दिवशी येत होतं. पृथ्वीची आस अतिशय हळू डोलते, त्या अयनचलनामुळे साधारण 72 वर्षांत एक दिवस असं अंतर वाढत गेलं.

हिंडलग्याची_आक्का
म्हणजे आम्ही तीळगूळ उशिरा वाटतो म्हणता? सण तर सूर्य मकर राशीत जातो त्याचा आहे. पंचांग चुकलेलं नाही.

दुर्बीण
पंचांग चुकलेलं नाही, मीही तेच म्हणतोय. मकर संक्रमण आणि सूर्याचं उत्तरेकडे वळणं या दोन वेगळ्या घटना आहेत.

खानापूरचा_मामा
पुल्या बसवल्या. मशीनच्या दोऱ्याची दोन रिळं आणि सायकलच्या ट्यूबचा पट्टा. तार आता एकाच दिशेला राहतेय, पोरगं खूश आहे. पण नवीनच झालंय. जूनच्या जागी टाचणी उजेडात आणि डिसेंबरच्या जागी टाचणी पार मागे, अंधारात. सावली कुठली बघायची?

गुरुजी_शहापूर
आता गोळा वळत नाही म्हणून तिथे बेळगावला रात्र झाली. गोळा तारेला चिकटवलेला असेल तर मोकळा करा. प्रत्येक ठिकाणी थांबून, तार न हलवता, गोळा तारेभोवती बोटानं फिरवायचा आणि टाचणी बल्बसमोर आणायची. तो एक दिवस, आणि दांड्याची फेरी म्हणजे वर्ष. दोन्ही फिरणी वेगळी आहेत हे परीक्षकांना इथेच दाखवता येतं.

दुर्बीण
आणि सावली मोजा. प्रत्यक्षात बेळगावात एक मीटरची काठी 21 डिसेंबरला भर दुपारी सुमारे 82 सेंटिमीटर सावली उत्तरेला टाकते. 21 जूनला फक्त 13 सेंटिमीटरच्या आसपास, तीही दक्षिणेला. डिसेंबरात ऊन तिरपं, तेवढंच ऊन जास्त जमिनीवर पसरतं, आणि दिवस सुमारे 11 तास 10 मिनिटांचा. जूनमध्ये दिवस 13 तासांच्या आसपास. थंडी या दोन कारणांनी येते. बल्ब खूप जवळ असेल तर टाचणीचं माप हललेलं दिसेल, म्हणून दांडा होईल तेवढा लांब घ्या.

खानापूरचा_मामा
गोळा मोकळा केला. डिसेंबरला सावली लांब, उत्तरेकडे. जूनला टाचणीच्या पायाशी एवढीशी, दुसऱ्या बाजूला. पोरगं परत परत फिरवून बघायलंय. पट्टा मात्र घसरतोय. राळ खानापुरात कुठे मिळेल?

उद्यमबाग_टर्नर
हार्डवेअरच्या दुकानात विचारा. नाही मिळाली तर ट्यूबचा पट्टा अर्धा इंच आखूड कापून परत जोडा, ताण वाढला की पकडतो.

कृष्णाकाठ_अथणी
सह्याद्रीचं कुणी काही बोललंच नाही.