बेतूलचा दीपस्तंभ आणि किनारा: गाजावाजा करावा की नको?

साळकाठ: दक्षिण गोव्यातल्या बेतूलचा दीपस्तंभ आणि त्या परिसरातला शांत किनारा पर्यटकांपुढे ठळकपणे आणावा, अशी सूचना हल्ली वारंवार ऐकू येते. माझा तिला विरोध आहे. साळ नदीच्या मुखाशी उभे राहिले की पलीकडे मोबोरची हॉटेले दिसतात आणि अलीकडे ओढून ठेवलेल्या होड्या, वाळत घातलेली जाळी, ओहोटीला खडकांवरून शिनाणे (शिंपल्यांतली मासळी) काढणारी माणसे दिसतात. एवढ्याशा पात्राच्या दोन्ही अंगांना दोन निराळे गोवे नांदत आहेत. गाजावाजाने काय होते हे पाहायचे असेल तर अग्वादला जावे. १६१२ साली पूर्ण झालेल्या त्या किल्ल्यात १८६४ सालचा जुना दीपस्तंभ आहे. १९७६ साली नवा उभा राहिल्यावर त्याचे काम संपले. तो गोलाकार पांढरा मनोरा निरखून पाहण्यासारखा आहे, परंतु सुट्टीच्या दिवशी लोक त्याच्याकडे पाठ करून स्वतःचे छायाचित्र काढतात आणि सिकेरीच्या किनाऱ्याकडे उतरतात. बेतूलचेही तेच करायचे आहे काय?

मांडवीतीर: आपली तळमळ समजते, पण निष्कर्ष पटत नाही. एखादी जागा कोणाला ठाऊक नाही, म्हणून ती सुरक्षित आहे, असे मानणे भाबडेपणाचे आहे. जून २००० मध्ये ‘रिव्हर प्रिन्सेस’ हे जहाज कांदोळीच्या किनाऱ्याजवळ, म्हणजे अग्वादच्या अगदी शेजारी, रुतले आणि त्याचा सांगाडा दहा वर्षांहून अधिक काळ तिथेच कुजत राहिला. त्यात पर्यटकांचा काही दोष नव्हता. बेतूलच्या नाकेरी पठारावर २०१६ साली संरक्षण सामग्रीचे प्रदर्शन भरले, ते स्थानिकांचा विरोध असताना. तेव्हा तर बेतूलचा कसलाच गाजावाजा नव्हता! याउलट मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग या किनाऱ्यांचा कासवांच्या विणीची ठिकाणे म्हणून २०११ च्या किनारी नियमन अधिसूचनेत नावानिशी उल्लेख आहे. ते पुरेसे पाळले जाते का, हा वेगळा वाद. पण भांडायला निदान कागद तरी हातात आहे. बेतूलकरांच्या हातात काय आहे?

साळकाठ: मोरजीचे नाव आपणच काढलेत, हे बरे झाले. तो कागद हातात असताना मोरजीचे काय झाले, ते एकदा संध्याकाळी जाऊन पाहावे.

केप्याची लेक: दोघांच्याही बोलण्यात पोटापाण्याचा विषय आलेला नाही. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या काळात घर चालवायला दोन खोल्या पाहुण्यांना देता आल्या, घरच्या हुमण-भातावर चार पैसे मिळाले, तर त्यात गावाचे काय बिघडते? किनारा निर्मळ राहावा असे मडगावात आणि पणजीत बसून म्हणणे सोपे असते.

साळकाठ: ताई, मुद्दा रास्त आहे, पण हिशेब जुळत नाही. बंदीच्या त्याच दिवसांत समुद्र खवळलेला असतो, किनाऱ्यावरचे शॅक, म्हणजे तात्पुरत्या खाणावळी, मोडून ठेवलेले असतात आणि समुद्रस्नानासाठी येणारा पर्यटक फिरकत नाही. म्हणजे जेव्हा मासळी मिळते तेव्हाच पाहुणेही येणार, आणि चूल थंडावते तेव्हा दोन्ही नाहीत.

केप्याची लेक: किनारा विकायला काढला तरच आपला हिशेब खरा आहे. मी दीपस्तंभाकडच्या उंचवट्याविषयी बोलते आहे. पावसाळ्यात सडा, म्हणजे कातळाचे पठार, हिरवा होतो, श्रावणाच्या सुमारास तेरडा फुलतो आणि वरून साळीचे गढूळ पाणी समुद्रात शिरताना दिसते; हे पाहायला येणाऱ्याला ना खाटा लागतात ना संगीत. वाहने वरच थांबवावीत, वाळूवर एकही चाक उतरू नये आणि खोल्या गावातल्याच घरांत असाव्यात. पावसात घसरणाऱ्या वाटेला कठडा मात्र हवा, नाहीतर पहिल्याच मोसमात कोणी तरी कडेलोट करून घेईल.

मांडवीतीर: याला माझी संमती आहे. मात्र दीपस्तंभ ही नुसती पाहण्याची वस्तू नाही, हे कोणीच म्हटले नाही, याचे आश्चर्य वाटते. अग्वादचा जुना मनोरा निवृत्त आहे. बेतूलचा कामावर आहे. कुटबणच्या जेटीकडे रात्री परतणाऱ्या तांडेलाला, म्हणजे होडीच्या म्होरक्याला, साळीच्या मुखाशी वाळूच्या दांड्यातून वाट काढावी लागते. आता जीपीएस आले आहे, तरीही किनाऱ्यावर शंभर झगझगीत दिवे लागले की त्यांतून नेमका दीपस्तंभाचा प्रकाश ओळखणे अवघड होते. पलीकडची मोबोरची रोषणाई आपल्या हातात नाही. अलीकडची आहे. ग्रामसभेपुढे ठराव जाणार असेल, तर खोल्या किती आणि वाहने कुठे हे ठरवण्याआधी, समुद्राच्या बाजूला तोंड करून एकही मोठा दिवा लागणार नाही, हे पहिले कलम घालावे.

साळकाठ: ते कलम असेल, तर ठरावाला मी विरोध करणार नाही. पण दिवे लागल्यावर ते विझवायला कोण जाणार, हेही त्यातच लिहावे.