मासळीचं पाकीट १५ तारखेलाच रिकामं होतं, काय करू?

फोंड्याची सून: घरात आम्ही दोघं, सासूबाई आणि सहावीतला मुलगा. दोन महिने झाले, पगार झाला की २० हजार काढून पाकिटं करते: वाणसामान, भाजी-पाव, मासळी, औषधं, किरकोळ. या खर्चाला यूपीआय बंद. बाकीची पाकिटं महिनाअखेरपर्यंत पुरतात, मासळीचे ४ हजार मात्र १५ तारखेला संपतात. हुमण (माशाची आमटी) नसलं तर सासूबाईंना जेवण जात नाही आणि मला त्यांना नाही म्हणवत नाही. मग किरकोळमधून उचलते, ते संपलं की औषधांतून. परवा रात्री मुलाला ताप भरला, औषधांच्या पाकिटात १०० ची एकच नोट होती. फार लागलं मनाला. माझं कुठे चुकतंय?

म्हापशाची काकी: बाय, मासळीचा हिशेब महिन्याचा करू नकोस, आठवड्याचा कर. हजाराची चार पाकिटं, दर रविवारी एकच उघडायचं. सोमवारी आणि गुरुवारी शिवराक (शाकाहारी जेवण) असेल तर पाचच दिवस भागवायचे. महिन्यात चार आठवड्यांवरचे दोन-तीन दिवस सुक्या मासळीवर काढ. बाजारात जाताना मी ३०० च घेते, फोन घरी. समोर इसवण (सुरमई) दिसला तरी पाय बांगड्यांच्या वाट्याकडेच वळतात. आणि १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद, ताजी मासळी महागते. म्हणून पुरुमेंताचं, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीचं, पाकीट आधीपासून वेगळं ठेव, सुके बांगडे, सुंगटं (कोळंबी), सोलां (आमसुलं) मे महिन्यातच भरून घे. औषधांचं पाकीट मात्र दुसऱ्या कपाटात ठेव. हाताशी असलं की हात जातोच.

डिचोलीकर: काकींशी सहमत. फक्त सगळंच रोखीत नको. वीजबिल, फी बँकेतूनच जाऊ दे, घरात एवढी रोकड कशाला? जिथे हात सैल सुटतो तिथलीच पाकिटं करा. आमचा घात दरवर्षी चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, व्हायचा: गणपतीवर टांगायच्या माटोळीचं सामान, नेवऱ्या, फटाके, पाहुणे. आता जानेवारीपासून महिना हजार वेगळ्या डब्यात टाकतो. गेल्या चवथीला पहिल्यांदाच कुणाकडे उसने मागावे लागले नाहीत.

फोंड्याची सून: काकी, आज चार पाकिटं केली. पहिलं सासूबाईंच्याच हातात दिलं, म्हटलं, या आठवड्याची मासळी तुम्ही बघा. दारावर मासळीवाली आली. २०० चा बांगड्यांचा वाटा त्यांनी १५० ला मागून घेतला आणि उरलेली ५० ची नोट घडी घालून पाकिटात परत ठेवली. बुधवारी काय आणायचं ते आत्तापासूनच ठरवतायत.