निवडणूक आली की शेतसंरक्षणाच्या बंदुका सरसकट जमा कराव्यात का?

कुणगा:
२०२४ च्या तारखाच बघा. लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चला लागली, निकाल ४ जूनला. कोकणातला काजू आणि हापूस त्यातच आला. विधानसभेची १५ ऑक्टोबरला लागली, निकाल २३ नोव्हेंबरला, म्हणजे नेमकी भातकापणी. डुकरांचा कळप पिकल्या भातात लोळतो, एका रात्रीत कुणगा (भाताचं खाचर) आडवा होतो. तेव्हाच बंदूक पोलिस ठाण्यात, आणि परत मिळायला निकालानंतर आणखी आठवडा. निवडणूक आयोग सरसकट जमा करा असं म्हणतच नाही. जिल्हाधिकारी आणि पोलिस अधीक्षकांच्या छाननी समितीने परवानाधारक तपासायचे, जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांचा इतिहास असलेले, दंगलीत सापडलेले यांच्याकडे विशेष लक्ष द्यायचं. बाकीच्यांना कशाला ओढता?

पंचनामा:
मला हे पटत नाही. माणसं निवडायची म्हटली की वजनदाराची बंदूक घरी राहते आणि गरिबाची ठाण्यात जाते. सरसकट आदेशात निदान सगळे सारखे. गावातली निवडणुकीची भांडणं भावकीत पेटतात, आणि बंदूक उचलणाऱ्यावर आधीचा एकही गुन्हा नसू शकतो. ठासणीची, म्हणजे तोंडातून दारू ठासून भरायची, असली तरी जवळून ती जीव घेते.
दुसरं म्हणजे, शेतसंरक्षणाचा परवाना हा शिकारीचा परवाना नव्हे. डुक्कर मारायचं तर वन्यजीव कायद्याच्या कलम ११ खाली वेगळी लेखी परवानगी लागते. गवा त्याच कायद्याच्या अनुसूची १ मध्ये, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत आहे, तो माणसाच्या जिवावर उठला किंवा बरा न होण्याइतका जायबंदी वा आजारी असला तरच परवानगीचा विचार होतो, पिकाच्या नासाडीवर नाही. मग दीड महिना बंदूक नसल्याने एवढं काय अडतं?

कुणगा:
मारायला नाही, हुसकायला अडतं. डबे वाजवण्याला डुकरं चार रात्रीत सरावतात. आणि वजनदारांची भीती खरी असली तर समितीचे निर्णय कारणांसह लेखी मागा. अधिकारी पक्षपात करतील म्हणून सगळ्या शेतकऱ्यांना शिक्षा हा न्याय नव्हे.

गज_आणि_टोपी:
वाद चालू द्या, पण आदेश हातात पडला असेल तर आधी हे करा.
ठासणीची बंदूक भरलेली राहून गेलेली असते, आणि अपघात तिथेच होतो. आधी टोपी (घोडा आपटल्यावर बार पेटवणारी छोटी वाटी) काढा. नळीचं तोंड अंगापासून आणि माणसांपासून दूर ठेवून गज (दारू ठासायची काठी) तळापर्यंत हलकेच सोडा, तोंडाशी गजावर खडूची खूण करा. मग तोच गज, खूण तोंडाशी धरून, नळीला बाहेरून लावून बघा. गजाचं टोक बुडाच्या तीन-चार बोटं अलीकडे संपलं तर आत बार (भरलेली दारू आणि छर्रे) आहे. तो परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडूनच काढून घ्या, खरवडत बसू नका. नळी गरम पाण्याने धुवून पूर्ण वाळवा, तेल लावा. काळ्या दारूची राख ओल ओढते, आणि ठाण्यात महिनाभर पडलेली नळी आतून गंजून परत येते.
पावतीवर बंदुकीचा नंबर, नळीची लांबी, काडतुसं असतील तर त्यांची संख्या आणि परवान्याचा यूआयएन (परवानाधारकाचा ओळख क्रमांक) लिहून घ्या. नंबर झिजलेला असेल तर तसा शेरा मागा. म्हातारे वडील मुलाच्या हाती बंदूक पाठवतात, तेव्हा सोबत मूळ परवाना आणि सहीचं अधिकारपत्र हवंच. नाहीतर रस्त्यात मुलगाच विनापरवाना ठरतो, आणि शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान २, कमाल ५ वर्षांची कैद आहे.
त्याच दुरुस्तीने एका परवानाधारकाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात, वारशाने आलेलीही त्यात मोजली जाते. आजोबांची ठासणीची, वडिलांची बारा बोअरची आणि स्वतःचं पिस्तूल असं सगळं अजून एकाच्याच परवान्यावर असेल तर तिसरी आज बेकायदा आहे. परवान्याची मुदत आता ५ वर्षं. धारक वारला तर तेरावं होईपर्यंत थांबू नका, शस्त्र कायद्याच्या कलम २१ प्रमाणे ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे लगेच ठेवा.

पंचनामा:
वारशाचा मुद्दा सगळ्यांनी वाचावा. जमा करण्याबाबत माझं मत बदललेलं नाही. पण भातकापणीच्या दिवसांत निकालाच्या दुसऱ्याच दिवशी परत द्या, आठवडा थांबवू नका, या मागणीवर मी सही करीन.

कुणगा:
मग निवेदनात छाननीची मागणी पहिली आणि परतीची दुसरी. छाननी सोडून नुसती परती मला चालणार नाही.