मदत हवी आहे: सल्काटा कासवाला रोज काय घालायचं?

सांगलीत राहतो, घरी सल्काटा (जमिनीवरचं आफ्रिकन कासव) आहे (आपल्याकडचं स्टार कासव नाही, ते पाळणं गुन्हा आहे, माहितीय). सध्या हरळी, जास्वंदीची पानं आणि काटे काढलेलं फड्या निवडुंग देतोय, द्राक्षबागेच्या बांधावरचं गवत मात्र फवारणीमुळं आणत नाही. पण आई ऐकत नाही हो, द्राक्षं, टोमॅटो, वर चपातीचा तुकडा, आणि हे पठ्ठंबी हिरवं सोडून तिकडंच मान लांब करतंय! गोड न् पिठाचं याला चालत नाही, मुख्य खाणं गवतच, हे आईला कोण सांगणार. आता लसूणघासात (जनावरांचा हिरवा चारा) प्रोटीन जास्त, मग आठवड्यातनं किती द्यायचा? उसाचं वाडं (शेंड्याची हिरवी पानं) इथं पाहिजे तेवढं मिळतंय, पण त्यात कॅल्शियम अंगी लागू न देणारं ऑक्झलेट असतं ना, चालेल का? कॅल्शियमसाठी समुद्रफेस (कटलफिशचं हाड) ठेवलाय, त्याला तोंडपण लावत नाही. उन्हाळ्यात हरळी वाळल्यावर तुम्ही काय घालता तेपण सांगा.