पहिली-दुसरीसाठी माळढोक, गिधाड, कासव यांच्यावरची मराठी चित्रपुस्तकं सुचवा (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

मी उत्तर सोलापूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. वर्गातल्या वाचनकोपऱ्यासाठी धोक्यात आलेल्या प्राण्यांवरची चित्रपुस्तकं घ्यायचीयेत. मराठीतली, मोठ्या चित्रांची, पानावर फार तर दोन-तीन ओळी.

जे हाताला लागतं ते सगळं वाघ, पांडा आणि ध्रुवीय अस्वल. मुलांना ते आवडतातच, पण नान्नजचं माळढोक अभयारण्य आमच्यापासून हाकेच्या अंतरावर आणि माळढोकाचा फोटो दाखवला तर अख्खा वर्ग ओरडला, "बाई, शहामृग!" त्यांचा काय दोष, बघायला मिळणार कुठे, देशातच मोकळ्या रानात दीडशेच्या आसपास उरलेत आणि त्यातले बहुतेक जैसलमेरकडे. एका पुस्तकात माळढोक सापडला तर तो चक्क झाडाच्या फांदीवर बसवलेला! अहो, त्याला मागचं बोटच नसतं, तो फांदी धरणार कशी, तो माळावर चालणारा पक्षी, अंडंसुद्धा उघड्या जमिनीवर घालतो आणि तेही बहुतेकदा एकच. लहान मुलं चित्रावरूनच शिकतात म्हणून मला हे फार लागतं.

दुसरी अडचण म्हणजे बरीच पुस्तकं प्रत्येक पानावर 'वाचवा वाचवा' करतात पण प्राणी कमी का झाला ते सांगतच नाहीत. आता गिधाडाचंच घ्या. आजारी जनावराला डायक्लोफेनॅक नावाचं वेदनाशामक औषध टोचायचे, ते मेलं की गिधाडं खायची आणि त्यांच्या किडन्या निकामी व्हायच्या, 2006 मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली तोवर पांढऱ्या पाठीची गिधाडं जवळजवळ संपलीच होती. माझ्या वर्गातल्या पोरांनी गोठ्यात ढोरांचा डॉक्टर सुई टोचताना पाहिलेला असतो, त्यांना ही गोष्ट बरोब्बर कळेल. माळढोक विजेच्या तारांना धडकून मरतो हेही कळेल, कारण त्याचे डोळे बाजूला असतात, समोरचं नीट दिसत नाही आणि वजन एवढं की ऐनवेळी वळता येत नाही. हे चित्रात किती छान दाखवता येईल!

कोकणातल्या वेळास गावच्या समुद्री कासवांवर काही असेल तर फारच उत्तम. तिथे चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना सोबत घेऊन अंडी राखायला सुरुवात केली, आधी लोक अंडी उकरून न्यायचे, कोल्ही-कुत्री खायची, आता जाळीच्या आत घरटी ठेवतात आणि पिल्लं बाहेर आली की वाळूवर सोडतात, मग ती आपली आपण समुद्राकडे जातात. गावच्या माणसांनी केलेलं काम आहे हे, आमच्या मुलांना ते जवळचं वाटेल.

प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर मराठी पुस्तकं फुकट आहेत, डाउनलोडही होतात, पण त्यातली या विषयावरची नेमकी कुठली चांगली ते वापरलेल्यांनी सांगा. कलर प्रिंट काढून लॅमिनेट केलेली वर्षभर टिकतात का? छापील पुस्तकात ज्योत्स्ना प्रकाशन, नॅशनल बुक ट्रस्ट, पुण्याचं कल्पवृक्ष यांच्याकडे या वयासाठी असं काही आहे का? खवले मांजरावर कुणी काही पाहिलंय का? हिंदी पुस्तक असलं तरी चालेल, मी मराठीत वाचून दाखवीन.

अजून एक, ज्यांनी ही पुस्तकं लहानांना वाचून दाखवलीत त्यांना विचारायचंय. प्राणी मरतात ते पान आलं की तुम्ही काय करता? मला ते गाळायचं नाहीये, पण सहा वर्षांचं पोर रडवेलं होऊन घरी जावं असंही वाटत नाही. आणि शेवटी सगळं गोड झालेलं दाखवणारी पुस्तकं नकोत, माळढोकाच्या बाबतीत ते अजून खरं नाही.

पुस्तकाचं नाव, प्रकाशक आणि जमल्यास किंमत लिहा. सोलापुरात कुठल्या दुकानात मिळतील ते कळलं तर सोन्याहून पिवळं, नाहीतर पुण्याहून मागवते.